दहा मुकी मशिनं आणि गांगुर्डे मॅडम

मी एकदा कॉम्प्युटरच्या पोटात हळदकुंकू वाहिलं. वर नाही, पोटात. वर तर सगळेच वाहत होते. खंडेनवमीच्या दिवशी आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत जो तो आपापल्या हत्याराची पूजा करायचा. ऑफिसातला टाइपरायटर, फिजिक्सच्या लॅबमधला तराजू, माळीकाकांची कात्री, सगळ्यांना झेंडूचं एकेक फूल आणि कुंकवाचं बोट मिळायचं. मी कॉम्प्युटर लॅबची सहायक. वय पंचेचाळीसच्या पुढे, अक्कल त्या मानानं बरीच मागे, आणि हातात नुकताच आलेला स्क्रू ड्रायव्हर. माणसाच्या हाती नवा स्क्रू ड्रायव्हर आला की त्याला जगातलं प्रत्येक झाकण उघडावंसं वाटतं. मी विचार केला, काम कोण करतं? आतला तो हिरवा पत्रा. मग फूल बाहेरच्या डब्याला का?

त्याच आठवड्यात लॅबच्या दहाही मशिनांत नवी नेटवर्क कार्डं बसली होती. मशिनांनी एकमेकांशी बोलावं म्हणून असतं ते कार्ड. मी एका मशीनचं झाकण उघडलं, कार्ड खाचेतून उपसलं. त्याच्या कडेला ओळीनं सोनेरी दात होते. मला ते इतके आवडले की नेमकं त्यांच्यावरच ओलं कुंकू लावलं, त्यावर हळद, त्यावर दोन अक्षता. नमस्कार केला, कार्ड परत खाचेत दाबलं, स्क्रू आवळले आणि घरी जाऊन श्रीखंडाचा चक्का बांधला.

सुटीनंतर मशिनं सुरू केली, तर एकाचंही दुसऱ्याशी बोलणं होईना. दहाच्या दहा मुकी.

त्या लॅबच्या प्रमुख होत्या सुमन गांगुर्डे. खंडेनवमीच्या दुपारी त्या लवकर निघून गेल्या होत्या, कारण दसऱ्याला सकाळी कॉलनीतल्या बायकांबरोबर पांढरी साडी नेसून त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी बुद्धवंदनेला जायचं असे, आणि तिथली सगळी व्यवस्था ह्यांच्याकडे. त्या लॅबमध्ये असत्या तर मला झाकण उघडूच दिलं नसतं. आदल्या वर्षी मी मॉनिटरला हार घातला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या की हार घाला खुशाल, मागची जाळी तेवढी मोकळी ठेवा, त्याला श्वास घ्यायचा असतो.

गांगुर्डे मॅडम मूळच्या मनमाडच्या, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या. वडील केबिनमध्ये सिग्नलच्या दांड्या ओढायचे. ह्या फिजिक्समध्ये एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात, आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. नम्रता नावाला नव्हती. आम्हा बायकांना 'थोडंफार जमतं हो' म्हणायची सवय. ह्या सरळ 'मला येतं' म्हणायच्या, आणि समोरच्याचं तोंड एवढंसं व्हायचं. वाईट म्हणजे त्यांना खरोखरच यायचं. साडी घोट्याच्या वर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला रेक्झिनची पिशवी. उपप्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या की बसा म्हणायची वाट न पाहता बसायच्या. मी एकदा त्यांना हळूच सुचवलं की जरा थांबावं. त्या म्हणाल्या, खुर्ची बसायलाच ठेवलीय ना, की दर्शनाला?

त्या काळी कॉम्प्युटर लॅब म्हणजे गाभारा होता. खिडक्यांना जाड पडदे, दाराशी 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशी पाटी, आणि आत मखमली कव्हरं. कव्हरं मी शिवलेली. प्रत्येकाला झालर, झालरीवर भरतकामाचा गुलाब. पहिल्या मशीनवर दोन गुलाब, कारण ते पहिलं. हे सगळं कॉलेजच्या कामाच्या वेळात बसून केलं आणि वर कौतुकाची वाट पाहिली.

पहिल्याच दिवशी मॅडम बूट घालून सरळ आत आल्या. मी घाईघाईनं उठून म्हटलं, मॅडम, बूट. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, धूळ. त्यांनी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. धूळ माझीच होती, चांगली वर्षभराची. मग त्यांनी स्टूल ओढून पाटी खाली उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. दुसऱ्या दिवशी पोरी चपला घालून आत.

उपप्राचार्य दाते सर आले. माणूस तसा वाईट नव्हता. पुण्यातल्या कॉलेजांच्या गार लॅब त्यांनी पाहिल्या होत्या आणि आपलंही कॉलेज तसं दिसावं अशी त्यांना तळमळ होती. ते म्हणाले, निदान शिस्त म्हणून तरी पाटी असू द्या. मॅडम मशीनच्या मागून डोकं वर न काढता म्हणाल्या, "सर, नाशकात राहून कुणी कुठवर आत यायचं, ते मला नका शिकवू."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते गेले. मला त्या वाक्याचा अर्थ संध्याकाळी पोळ्या लाटताना कळला. लाटणं हातातच राहिलं. नाशकात जन्म गेला होता माझा, आणि देवळाच्या दारातल्या सत्याग्रहाची गोष्ट मला कुणीतरी असं वाक्य टाकेपर्यंत आठवली नव्हती.

कव्हरांचंही तेच. कव्हर घातलं की मशीन तापतं म्हणाल्या, आणि दहाही काढून घड्या घालून त्यांच्या गाद्या केल्या. तारा तपासायला मशिनांच्या मागे जमिनीवर बसावं लागे, तिथं त्या गाद्या. माझे गुलाब गांगुर्डे मॅडमच्या आणि बी.ए.च्या पोरींच्या बुडाखाली गेले. मी महिनाभर मनातल्या मनात दात-ओठ खात होते.

मशिनांवर त्यांनी लिनक्स घातलं होतं, म्हणजे मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. मशिनं जुनी, कुठल्याशा कारखान्यानं काढून टाकलेली. पण लिनक्स फुकट मिळतं म्हणून घेतलं असं कुणी म्हटलं की त्या चिडायच्या. म्हणायच्या, फुकट आहे म्हणून नाही, उघडं आहे म्हणून. विकतचं ते भाड्याचं घर, खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. ह्यात काय चाललंय ते मला वाचता येतं, बदलता येतं, आणि पोरींनाही येईल.

मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायच्या. कुठला भाग सापडला, कुठला नाही, हे मशीन आपलं आपण सांगत असतं. तेवढा वेळ लॅबमध्ये कुणी बोलायचं नाही, मान फिरवायची नाही, असा मॅडमचा दंडक. वडील म्हणे केबिनच्या खिडकीतून जाणारी गाडी पूर्ण बघायचे, शेवटच्या डब्यावरची खूण दिसल्याशिवाय पुढच्या गाडीला रस्ता द्यायचे नाहीत, कारण मधेच डबे तुटून रुळावर राहिले असले तर? तसंच ह्या ओळींचं. पोरींना ओरडून विचारायच्या, "शेवटचा डबा दिसला का?" आणि पोरी एकसुरात दिसला म्हणायच्या. मी पण म्हणायची. मला कुठलाच डबा दिसायचा नाही, नुसता धूर.

रोज दुपारी एक तास लॅब सगळ्यांना मोकळी असायची. नाव नोंदवायचं नाही, विषयाची अट नाही. मराठी घेतलेली, गृहविज्ञान घेतलेली, कुणीही यावं आणि मशीनला हात लावावा. पेठ, दिंडोरी, निफाडकडून एसटीनं येणाऱ्या पोरींना बसच्या वेळेपर्यंत कुठंतरी बसायचंच असे. त्या इथं बसायला लागल्या. पहिल्यांदा त्या की-बोर्डला तापल्या तव्याला लावावा तसा हात लावायच्या. पंधरवड्यात त्याच पोरी एकमेकींना हुकूम सोडायच्या.

हा तासच दाते सरांच्या डोळ्यांवर आला. एका खाजगी कॉम्प्युटर क्लासवाल्यानं लॅब चालवायला मागितली होती. गार हवा, नवी मशिनं, दारावर त्यांचा फलक, आणि आत फक्त त्यांच्याकडे प्रवेश घेतलेली मुलं. संस्थेचे चिटणीस आबासाहेब, निफाडकडचे द्राक्षबागाईतदार, एका शनिवारी येऊन पाहणार होते. दहा मशिनं एकमेकांशी बोलताना दिसली तर लॅब मॅडमकडे. नाही बोलली तर क्लासवाल्याकडे. सरांनी हे मॅडमना समोर बसवून, म्हणजे त्या आधीच बसलेल्या असताना, स्वच्छ सांगितलं. नवी कार्डं आणि सगळ्या तारा जिथं एकत्र येतात ती मधली पेटी ह्यासाठीच आली होती. ती पुरवली निकमनं, जो कॉलेजला कॉम्प्युटरचं सामान पुरवायचा. त्याच्या माणसानं एकेक मशीन सुरू करून दाखवलं, एकेकटं ते व्यवस्थित चाललं, मॅडमनी घाईत सही केली. मग आला दसरा आणि माझा स्क्रू ड्रायव्हर.

दसऱ्यानंतर दहाही एकदम सुरू केल्यावर जो मूक मोर्चा निघाला, तो पाहायला निकम आला आणि उभ्या उभ्या निकाल देऊन गेला. कार्ड चांगलं आहे, लिनक्समधला ड्रायव्हर खराब आहे, विकतचं सॉफ्टवेअर टाका. दाते सरांचा चेहरा उजळला.

ड्रायव्हर म्हणजे कार्डाचं म्हणणं मशीनला समजावणारा दुभाषा. मॅडमनी आधी त्यालाच धरलं. काढून पुन्हा घातला, दुसरा एक मिळता-जुळता घालून पाहिला. कार्डाला काही सांगायचं असलं की ते मशीनची घंटा वाजवतं म्हणे, आणि घंटा किती वेळा वाजली ते लिनक्स दाखवतं. घंटा वाजत होती. तारा बदलल्या, पेटीतल्या जागा बदलल्या. शेवटी त्या ड्रायव्हरचा सगळा मजकूर त्यांनी छापून काढला, तो लांबलचक जोडकागद घडी घालून पिशवीत टाकला आणि नाशिकरोडहून येता-जाता सिटी बसमध्ये वाचायला लागल्या. कंडक्टरनं विचारलं, मॅडम, कुणाचा निकाल? त्या म्हणाल्या, अजून लागायचाय. तो ड्रायव्हर लिहिणारा कुठल्या देशातला कोण जाणे, पण त्यानं मधेमधे कार्डं बनवणाऱ्यांच्या नावानं खडे फोडले होते, ते वाचून ह्या बसमध्ये मोठ्यानं हसायच्या.

आणि मी? माझी पक्की खात्री होती की सगळं माझ्या कुंकवानं झालं. एका कार्डाला कुंकू लागलं तर दहा मशिनं कशी बंद पडतील, हा प्रश्न मला पडला नाही. इतकी वर्षं विज्ञान शाखेत नोकरी करून नाही पडला. शेवटी एका सकाळी मी लॅबचं दार लावून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं त्या हसतील, नाहीतर ओरडतील.

"ओलं होतं की कोरडं?" त्यांनी विचारलं.

"ओलं."

"किती दातांवर?"

"सगळ्या."

त्यांनी झाकण उघडलं, कार्ड काढलं, पिशवीतून पेन्सिलीचं खोडरबर काढलं आणि एकेक दात घासून लखलखीत केला. अक्षता चिमटीनं काढून माझ्या हातावर ठेवल्या. कार्ड बसवलं, ते एकच मशीन सुरू केलं. कोपऱ्यात त्या दहांखेरीज एक मोठं मशीन होतं, त्याचं कार्ड जुनं, आधीपासूनचं. त्याच्याशी ते घडाघडा बोलायला लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मॅडमनी शेजारचं दुसरं मशीन सुरू केलं, आणि दोन्ही अडखळली. जरा वेळात दोन्ही गप्प.

कुणाचाही चेहरा पडला असता. ह्यांचा खुलला. बिघाड वाढला की आनंदणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. म्हणाल्या, "लेले बाई, तुमचं कुंकू निर्दोष आहे. एकटी असली की शहाणी, दोघी झाल्या की भांडण. ड्रायव्हरला बोल लावायचं कारण नाही."

मग त्यांनी मला त्या दुसऱ्या मशीनपुढे बसवलं, स्वतः पहिल्यापुढे बसल्या. दोन्ही पुन्हा सुरू केली. ओळी सरकल्या. ड्रायव्हर कार्डाला ओळखतो तेव्हा त्या कार्डाचा पत्ता सांगतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरांच्या सहा जोड्या. त्या म्हणाल्या, ती ओळ वाचा. मी वाचायला लागले. शेवटी म्हटलं, "... थ्री झिरो, टू बी, फाइव्ह ए."

"माझ्याकडे बघून वाचू नका. तुमच्यासमोरचं वाचा."

"माझ्यासमोरचंच वाचतेय."

त्या उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मग तिसरं मशीन सुरू केलं, चौथं, सगळी. दहा मशिनं, दहा कार्डं, आणि पत्ता एकच.

कार्डाचा पत्ता कारखान्यातच त्याच्यावर कोरतात, आणि जगात कुठल्याही दोन कार्डांचा एक नसतो, नसावा. ही कार्डं ज्या कुणी बनवली त्यानं एकच ठसा सगळ्यांवर मारून दिला होता. मधल्या पेटीचं काम कुठला पत्ता कुठल्या तारेवर आहे हे लक्षात ठेवायचं. तिनं काय करावं? मॅडम म्हणाल्या, मनमाडला सगळ्या फलाटांवर एकाच नंबरची गाडी उभी आहे असं सांगितलं तर केबिनवाला दांडीला हातच लावणार नाही. ड्रायव्हर बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. आपणच तेवढ्या ओळीत मान फिरवली.

उपाय सोपा होता. लिनक्सला सांगता येतं, कार्डावर काहीही कोरलेलं असो, तू हा दुसरा पत्ता लाव. दोन-तीन ओळींचं काम. मी म्हटलं, मग लगेच करून टाकू, शनिवारची काळजी मिटली. त्यांनी साफ नकार दिला.

मी हात जोडले. म्हटलं, शनिवारी काही चुकलं तर लॅब जाईल. त्या शांतपणे म्हणाल्या, गुपचूप दुरुस्त केलं तर सोमवारी हेच म्हणतील की दोष लिनक्सचा होता, बाईंनी कसाबसा झाकला. आणि पुढच्या वेळी पुन्हा क्लासवाला दारात. जे बिघडलंय ते बिघडलेलंच त्यांना दाखवायचं, आणि त्यांच्यासमोर दुरुस्त करायचं. तेही मी नाही, पोरी करतील.

शनिवारी आबासाहेब आले. पांढरं धोतर, टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. दाराशी थबकून त्यांनी वहाणांकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, या तशाच. मागून दाते सर आणि निकम. दहा मशिनांपुढे दहा पोरी बसलेल्या, दुपारच्या तासाच्याच, निम्म्या कला शाखेच्या.

सरांनी म्हणणं मांडलं की फुकटातल्या सॉफ्टवेअरमुळे यंत्रणा बंद आहे. निकम म्हणाला, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे साहेब, आमची कार्डं ओके. आणि इथं यंत्रांची निगा कशी राखतात तेही बघा, असं म्हणून त्यानं झाकणाच्या फटीशी सांडलेलं कुंकू बघून नेमकं माझ्या पूजेचंच मशीन उघडलं, खाचेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि लाल झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं. खाच पुसायची राहिली होती. सरांनी विचारलं, हे कुणी केलं?

मी छताचा पंखा निरखायला लागले. फार सुंदर पंखा होता.

गांगुर्डे मॅडम म्हणाल्या, "लेले बाईंनी. पूजा केली त्यांनी. आणि ते एकच कार्ड. बाकी नवांना कुणी बोट लावलेलं नाही, ती का बोलत नाहीत ते निकमनी सांगावं."

निकम म्हणाला, सांगितलं ना, ड्रायव्हर.

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि पोरींकडे वळल्या. "ड्रायव्हर काय म्हणतोय ते वाचा गं. प्रत्येकीनं आपल्यासमोरचं. एकदम."

दहा पोरींनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या जोडीला आवाज मागेपुढे होते, दुसऱ्या जोडीला जुळले, आणि मग शाळेत पाढे म्हणतात तशा दहाही जणी एका सुरात, थ्री झिरो, टू बी, फाइव्ह ए. खिडकीवरचं कबूतर उडून गेलं. मॅडमनी पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या खेपेला पोरींना मजा यायला लागली होती, आणखी जोरात.

आबासाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हंजे बाई, सगळ्या पेट्यांवर एकच नंबर मारलाय म्हणा की. बाजारात असा माल उतरवला तर कुठली पेटी कुणाची, काय कळायचं?"

"तेच म्हणतेय मी."

"आन् ह्ये याला कळलं नाय?" निकमकडे बोट.

निकम म्हणाला की त्यानं तसं कधी पाहिलं नव्हतं. तेवढं तो खरं बोलला.

मग मॅडमनी पोरींना हुकूम सांगितला. शेवटची जोडी बदलायची, तिथं आपापल्या मशीनचा क्रमांक घालायचा. दहा की-बोर्डांचा खडखडाट झाला. क्षणभर काही होईना. मग एकेका पडद्यावर ओळी उतरायला लागल्या, इकडून हाक, तिकडून ओ, इकडून हाक, तिकडून ओ. पेठकडची मंदा नावाची एक पोरगी होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं समोरच्या भिंतीजवळच्या मैत्रिणीला इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर पाठवला. आबासाहेब तिच्या मागेच उभे होते. त्यांनी दाते सरांकडून तो वाचून घेतला. लिहिलं होतं, आज बस चुकली तर तुझ्याकडं राहू का.

आबासाहेब पोट धरून हसले. मग वहाणा करकरवत दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "दाते, क्लासवाल्याचं राहू द्या. ही पोरगी जिथं बसलीय तिथंच बसू द्या तिला." निकमला त्यांनी कार्डं बदलून द्यायला सांगितली, तीही वेगवेगळ्या नंबरांची.

लॅब राहिली. आणि मी त्या संध्याकाळी काय केलं असेल? मी रुसले. सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं म्हणून. मॅडमनी माझ्या मूर्खपणामुळे काही बिघडलं नाही हे भर सभेत सिद्ध करून दिलं होतं, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. नाव घेतलं तेवढं शिरलं. दर दिवाळीला मी त्यांना चिवड्याचा डबा द्यायची. त्या दिवाळीला दिला नाही. चांगला झाला होता चिवडा, घरच्यांनी खाल्ला. मॅडमना ह्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही, उलट त्यांनी विचारलं, ह्या वर्षी खोबरं महाग होतं का?

सत्र संपताना त्यांची बदली झाली. संस्थेच्या सुरगाण्याच्या शाखेत. तिथं वीज आली तर येई, आणि कॉम्प्युटर तर नव्हताच. ग्रामीण भागाला आपल्या कौशल्याची गरज आहे, असं पत्रात लिहिलं होतं. सरांना वाटलं असावं, त्या रडतील, अर्ज करतील, आबासाहेबांकडे धाव घेतील. त्यांनी तिथंच सही केली, आणि सही करताना लॅबमधली दोन मोडकी मशिनं सुरगाण्याला न्यायला मागून घेतली. सरांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

दुपारचा तो तास मी निवृत्त होईपर्यंत चालू राहिला. मला त्यातलं अर्धंमुर्धंच कळायचं, पण आधीच्या पोरी नंतरच्यांना शिकवायच्या आणि मी कुलूप उघडून दाराशी बसायची. बऱ्याच जणी आता कुठं कुठं आहेत. मंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिच्या शाळेतल्या मशिनांची झाकणं तीच उघडते. मॅडमची मात्र नंतर भेट झाली नाही. दोन-चार वर्षं सुरगाण्याहून येणाऱ्या कुणाकडून तरी कळायचं की तिथं सौर पाट्यांवर काहीतरी चालवलंय बाईंनी, पुढे त्यांची आणखी कुठं बदली झाली, आणि मग कळायचंही थांबलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते जुन्या सीबीएस स्टँडवर, सुरगाण्याच्या एसटीपाशी. कंडक्टरशी त्यांचं जोरात भांडण चाललं होतं. मशिनं टपावर टाका म्हणत होता तो, आणि ह्या म्हणत होत्या की मी टपावर बसते, ती आत बसतील. शेवटी मशिनं आत बसली, दोन सीटवर, आणि मॅडम त्यांच्याशेजारी. मी खिडकीखाली उभी. चिवड्याचा डबा आणला होता, उशिरा का होईना. तो त्यांनी घेतला, लगेच उघडून चार दाणे तोंडात टाकले आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

मग मी विचारलं, आता दुपारच्या तासाचं काय. म्हटलं, सर परवानगी देणार नाहीत, आणि मी काही तुमच्यासारखी नाही. माझ्यात ते नाही. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि लॅबची किल्ली माझ्या हातात दिली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती, इंजिनाच्या आवाजात त्यांना ओरडून बोलावं लागलं. त्या म्हणाल्या:

"परवानगी मागायला जाऊच नका, लेले बाई. मागितली की नाही म्हणता येतं त्यांना. सोमवारी नेहमीच्या वेळेला कुलूप काढा आणि बसा. कुणाला विचारून उघडली असं म्हणाले, तर माझं नाव सांगा. मला जाब विचारायला त्यांना सुरगाण्याला यावं लागेल, आणि रस्ता लय खराब आहे."